भास्कराचार्य

संगणकाला काम सांगताना त्याच्या पायऱ्या क्रमाने लिहून द्याव्या लागतात. नऊशे वर्षांपूर्वी भास्कराचार्यांनी गणिताच्या रीती अशाच पायऱ्यांनी लिहिल्या.

त्यांचा जन्म १११४ साली झाला. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू होते. ११५० साली त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' हा ग्रंथ लिहिला. त्यातील 'लीलावती' या भागात व्याज, क्षेत्रफळ व धान्याच्या राशी यांची गणिते आहेत. ब्रह्मगुप्त वगैरे आधीच्या गणितज्ञांचे ऋण त्यांनी मान्य केले.

हे ज्ञान घरातच राहिले असते, तर घराबरोबर संपले असते. पण त्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळ पाटण येथे या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला. १२०७ साली त्याला राजाश्रय मिळाला. १५४५ साली गणेश दैवज्ञांनी 'लीलावती'तील रीतींची कारणे समजावून दिली. १५८७ साली अकबर बादशहाच्या हुकमाने फैजींनी तिचा फारसीत अनुवाद केला.

आजही काही लोक संगणकासाठी लिहिलेले काम सर्वांसाठी खुले ठेवतात. कोणीही ते वाचावे, सुधारावे, त्यात भर घालावी. सरकारी कचेऱ्यांतही असे काम वापरले जाते.

मित्रांनो, आपली वही शेजाऱ्यापासून झाकण्यापूर्वी भास्कराचार्यांची आठवण करा.