सेनापती बापट आणि आमचा आंबा
(इयत्ता चौथी)

सेनापती बापट यांचे पूर्ण नाव पांडुरंग महादेव बापट असे होते. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी नगर जिल्ह्यात पारनेर या गावी झाला. ते फार हुशार होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून, शिष्यवृत्ती मिळवून ते १९०४ साली विलायतेला गेले. तिथे त्यांनी बॉम्ब तयार करायची विद्या मिळवली. परत आल्यावर त्यांना लपून राहावे लागले. पुढे त्यांनी टिळकांच्या ‘मराठा’ या वर्तमानपत्रात काम केले. हे सगळे पुस्तकात आहे. पण मला त्यांची गोष्ट माझ्या बाबांनी सांगितली, ती मी लिहिते.

आमच्या घरामागे एक रायवळ आंबा आहे. बाबांचे पणजोबा खालच्या गावात राहायचे. ते गाव आता धरणाच्या पाण्यात आहे. वर येताना त्यांनी तिथल्या आंब्याची कोय फडक्यात बांधून आणली, तिचे हे झाड. आंबे बारके अन् लई आंबट, पण लोणच्याला चांगले. बाबा मला खालच्या फांदीवर बसवायचे आणि पाण्याकडे बोट करून कुठे खाचरे होती, कुठे देऊळ होते ते सांगायचे. त्यांनी पण ते पाहिले नव्हते. त्यांना त्यांच्या आजोबांनी सांगितले होते.

मुंबईला वीज पाहिजे होती म्हणून टाटा कंपनीने मुळा नदीवर धरण बांधायला घेतले. सुमारे ५० गावांच्या जमिनी पाण्यात जाणार होत्या. आंबेमोहर भात पिकायची ती जमीन! १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. बायासुद्धा आल्या. बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे पुढारी होते. बापट आमच्या गावचे नव्हते, त्यांची इथे एक गुंठासुद्धा जमीन नव्हती, तरी ते आले. तेव्हापासून लोक त्यांना सेनापती म्हणू लागले.

ते पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले. १९२४ साली त्यांनी रेल्वे अडवली. त्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. त्यांचा मुलगा १९१४ सालचा, म्हणजे तेव्हा तो दहा वर्षांचा होता, माझ्याएवढा. तो सुटीत कोणाबरोबर फिरायचा, त्याला झाडावर कोण चढवायचे, हे पुस्तकात लिहिलेले नाही. मी बघितले.

१९२७ साली धरण पुरे झाले. बापट १९३१ साली सुटले, तेव्हा गावांवर पाणी होते. पण त्यांचा मुलगा सतरा वर्षांचा झाला होता आणि वडील घरी आले, हे मला बरे वाटले. बापट २८ नोव्हेंबर १९६७ रोजी वारले.

माझे बाबा मागच्या श्रावणात वारले. या वर्षी आंबा मोहरला तेव्हा आई मागच्या दारी जाईना. मी एकटीच जाऊन फांदीवर बसले. आता माझे पाय खाली टेकतात.

उन्हाळ्यात एक पाडाचा आंबा पडला, त्याची कोय मी डालड्याच्या डब्यात लावली. तिला चार पाने आलीत, तांबडी आहेत. गुरुजींनी कुंपणाजवळ जागा दाखवली आहे. शेळ्या येतात म्हणून भोवती काट्या लावायच्या आहेत.