फातिमा इस्माईल

फातिमा इस्माईल (१९०३ – १९८७) या मुंबईतील समाजकार्यकर्त्या होत. पोलिओमुळे अपंगत्व आलेल्या बालकांचे अस्थिव्यंगोपचार, परिचर्या आणि पुनर्वसन यांना भारतात संस्थात्मक रूप देणाऱ्यांमध्ये त्यांची गणना होते.

पूर्वायुष्य

त्यांचा जन्म मुंबईतील सोबानी या धनिक व्यापारी कुटुंबात झाला. त्यांचे बंधू उमर सोबानी हे गिरणीमालक आणि महात्मा गांधींचे सहकारी होते. परदेशी कापडाची १९२१ मधील प्रसिद्ध होळी परळ येथे त्यांच्याच गिरणीच्या आवारात पेटली. अशा घरात वाढलेल्या फातिमाही राष्ट्रीय चळवळीकडे व स्त्रियांच्या कार्याकडे वळल्या.

मुलीचा आजार

त्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला आणि त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. पोलिओची लस तेव्हा उपलब्ध नव्हती. ती १९५५ मध्ये आली. मुंबईत समाधानकारक उपचार न मिळाल्याने त्यांनी मुलीला मद्रासला अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एम. जी. किणी यांच्याकडे नेले. तेथील उपचारांनंतर पुण्यात, युद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी लष्कराने चालविलेल्या व्यवस्थेत तिच्यावर व्यायामोपचार झाले. मुलीत सुधारणा झाली. परंतु जे एका सधन आईला एवढ्या धावपळीने मिळाले, ते चाळीत राहणाऱ्या आईला कोठून मिळणार, हा प्रश्न त्यांच्यापुढे उरला.

परिचर्येचे महत्त्व

पोलिओचा विषाणू हाडावर नव्हे, तर मज्जारज्जूतील स्नायूंना चालना देणाऱ्या पेशींवर आघात करतो. हाडासांध्यांचे व्यंग नंतर, बहुधा अंथरुणातच, जडते. एका बाजूचे स्नायू दुबळे व दुसऱ्या बाजूचे सबळ राहिले की सांधा ओढला जातो. गुडघा आखडतो, पाऊल खाली झुकते. म्हणून पावलांना फळीचा आधार देणे, ठरावीक वेळाने कूस बदलणे, शेक देणे, सांधे हळुवार हलविणे ही नित्याची कामे शस्त्रक्रियेइतकीच निर्णायक ठरतात. प्लास्टर घातले असल्यास बोटांचा रंग व ऊब पाहावी लागते. ती निळी वा थंड पडणे हा धोक्याचा इशारा असतो. शिवाय मूल वाढते, पण त्याचा कॅलिपर वाढत नाही, तो वेळोवेळी बदलावा लागतो. ही सेवा महिनोन्‌महिने, कित्येकदा वर्षानुवर्षे चालते. ऑस्ट्रेलियातील परिचारिका एलिझाबेथ केनी यांनी गरम शेक व हालचालींचा पुरस्कार करून याच सुमारास जगभर वाद निर्माण केला होता. त्यांना डॉक्टरांचा मोठा विरोध सोसावा लागला.

संस्थाकार्य

१९४७ मध्ये फातिमाबाईंनी मुंबईत चौपाटीजवळ, शल्यचिकित्सक डॉ. अ. वि. बाळिगा यांच्या चिकित्सालयाच्या जागेत, अपंग बालकांसाठी उपचार केंद्र सुरू केले. त्यासाठी स्थापन झालेली सोसायटी फॉर द रिहॅबिलिटेशन ऑफ क्रिपल्ड चिल्ड्रेन ही संस्था एसआरसीसी या आद्याक्षरांनी ओळखली जाते. नावातील इंग्रजी शब्द आज कानाला खटकतो. मराठीतही ‘पांगळा’ मागे पडून ‘अपंग’ आणि आता ‘दिव्यांग’ रूढ झाला. तेव्हा मात्र तो शब्द दयेचा मानला जाई.

पुढे हाजीअली येथे संस्थेचे बालकांचे अस्थिव्यंग रुग्णालय उभे राहिले. त्याच परिसरात १९५५ मध्ये केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. अशा कार्याचे श्रेय सहसा शल्यविशारदांच्या नावे जमा होते. वैद्यकाचे शिक्षण नसलेल्या या बाईंनी शस्त्रक्रियेनंतरच्या दीर्घ सेवेची निकड ओळखली, ही बाब म्हणूनच नोंदविण्यासारखी आहे.

सन्मान व उत्तरकाळ

भारत सरकारने १९५८ मध्ये त्यांना पद्मश्री दिली. १९७८ ते १९८४ या काळात त्या राज्यसभेच्या राष्ट्रपतीनियुक्त सदस्य होत्या. १९८७ मध्ये त्यांचे निधन झाले. भारतातील पोलिओचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त घोषित झाला. हाजीअली येथे एसआरसीसीच्या नावाने आज सर्व प्रकारच्या बालरोगांवर उपचार करणारे रुग्णालय चालते.