निराधारांची माउली : पंडिता रमाबाई

इ. स. १८९६ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. अन्नान्नदशा झालेली माणसे घरदार सोडून रानोमाळ भटकू लागली. आईबापांना मुकलेल्या मुलींचे हाल तर पाहवत नव्हते. ही वार्ता पुण्यात शारदासदन ही संस्था चालविणाऱ्या पंडिता रमाबाईंच्या कानी आली आणि त्या अस्वस्थ झाल्या. भूक म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळ येथे झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले. लक्ष्मीबाईंनी तीच विद्या रमाबाईंना दिली. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगून निर्वाह करीत असे. रमाबाई ऐन तारुण्यात असताना दक्षिणेत दुष्काळ पडला आणि त्यात आईवडील व थोरली बहीण दगावली. आईला खांदा देण्यास पुरेशी माणसे मिळेनात. तेव्हा रमाबाई पुढे झाल्या. उंची कमी असल्यामुळे त्यांनी तिरडीचा भार डोक्यावर वाहिला. हे दुःख त्या जन्मभर विसरल्या नाहीत.

पुढे भाऊ श्रीनिवास याच्यासह पायी प्रवास करीत त्या १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांचा पंडिता आणि सरस्वती या पदव्यांनी गौरव केला. १८८० मध्ये भाऊ वारला. त्यानंतर त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. परंतु १८८२ मध्ये पटकीने पतीचेही निधन झाले. कन्या मनोरमा हिला घेऊन त्या पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली.

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. तेथील ख्रिस्ती भगिनींनी त्यांना लंडनमधील एक आश्रम दाखविला. समाजाने पतित म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांची तेथे मायेने शुश्रूषा होत होती. या दृश्याने त्यांच्या मनावर खोल परिणाम केला. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मात्र त्यानंतरही त्यांनी आपली स्वतंत्र विचारशक्ती गहाण टाकली नाही. धर्मविषयक बाबतींत आपल्या इंग्रज मार्गदर्शकांशीही त्या निर्भयपणे वाद घालीत.

अमेरिकेतील हितचिंतकांच्या साहाय्याने त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदासदन सुरू केले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले. रमाबाईंच्या प्रार्थनेस काही मुली स्वेच्छेने बसू लागल्या. रमाबाईंनी त्यांना मज्जाव केला नाही. यावरून १८९३ मध्ये मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. जवळची माणसे दुरावली, तरी रमाबाईंनी काम थांबविले नाही.

अशा परिस्थितीत दुष्काळाची हाक आली. आपल्या संस्थेचा खर्च चालविणे कठीण असताना नवा भार घ्यावा काय, हा प्रश्न होता. रमाबाई स्वतः दुष्काळी भागात गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन परतल्या. त्यांत सर्व जातींच्या मुली होत्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेगची साथ आली आणि शहरात इतक्या मुलींना ठेवणे अशक्य झाले. पुण्याच्या पूर्वेस केडगाव येथे रमाबाईंनी आधीच शेतजमीन घेतली होती. तेथेच मुलींना आश्रय देण्यात आला आणि १८९८ मध्ये मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

मुक्तिसदन हे केवळ अन्नछत्र नव्हते. तेथे प्रार्थनेबरोबर अक्षरओळख होती आणि अक्षरांबरोबर हातांना काम होते. मुली शेती, विणकाम, शिवणकाम व दुग्धव्यवसाय शिकत. छापखानाही त्याच चालवीत. अंध मुली ब्रेल लिपी शिकत. समाजाने अव्हेरलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन होते. लंडनमध्ये पाहिलेल्या आश्रमाचे बीज अशा प्रकारे केडगावच्या माळरानावर रुजले. दयेवर जगणाऱ्या स्त्रीला स्वतःच्या पायांवर उभे करणे, हीच रमाबाईंच्या दृष्टीने खरी सेवा होती.

सामान्य स्त्रियांना समजावे म्हणून रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचा सोप्या मराठीत अनुवाद केला. आयुष्याची अखेरची अनेक वर्षे त्यांनी या कामाला वाहिली. १९२१ मध्ये त्यांची सहकारिणी बनलेली मनोरमा मृत्यू पावली. हा आघात सोसून त्यांनी अनुवाद तडीस नेला. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला.

रमाबाईंच्या धर्मांतराविषयी त्या काळी मतभेद झाले आणि पुढेही होत राहिले. तथापि, जिला एकेकाळी भुकेने रानोमाळ भटकावे लागले, तिनेच हजारो भुकेल्या मुलींना घर दिले, हे सत्य कोणासही नाकारता येणार नाही.