पाव्हलॉव्हची कुत्री आणि आपल्या घरातलं पिल्लू

आमच्या भांडगावात कुत्रं पाळणं काही नवीन नाही. पण पूर्वी कुत्रं असायचं अंगणात, गोठ्यापाशी, नाहीतर वस्तीवरच्या झाडाखाली. त्यानं शी-शू कुठं केली, याची चौकशी कुणी करत नसे. आता दोन गोष्टी बदलल्या. घरोघर गुळगुळीत फरशी आली आणि शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यात बिबट्याचा वावर वाढला. रात्री बाहेर बांधलेलं कुत्रं बिबट्या उचलून नेतो, हे वस्तीवरच्या प्रत्येक बाईला ठाऊक झालंय. म्हणून पिल्लू रात्री घरात घ्यायचं. आणि घरात घेतलं की सकाळी उठून पहिलं काम फरशी पुसायचं!

हे काम कुणाच्या वाट्याला येतं, ते काय सांगायला हवं? पोरं हौसेनं पिल्लू आणतात आणि निस्तरतो आपण. मग वैतागून कुणी त्याला चापट मारतं, कुणी त्याचं नाक त्या घाणीत घासतं. बचत गटाच्या बैठकीनंतर असल्या गप्पा निघाल्या की मी बायकांना एका रशियन माणसाची गोष्ट सांगते. इव्हान पाव्हलॉव्ह त्याचं नाव. कॉलेजात मानसशास्त्राच्या पुस्तकात त्याच्यावर दीडच पान होतं, पण माणूस त्याहून पुष्कळ मोठा होता.

२६ सप्टेंबर १८४९ रोजी रशियातल्या रियाझान गावी त्याचा जन्म झाला. वडील चर्चमध्ये धर्मगुरू. इव्हान थोरला, पाठीवर बरीच भावंडं आणि त्यातली कितीतरी लहानपणीच गेलेली. तो स्वतः सात-आठ वर्षांचा असताना उंचावरून दगडी फरशीवर पडला. दुखणं इतकं लांबलं की शाळेचं तोंड पाहायला अकरावं वर्ष उजाडलं. मुलानं आपल्यासारखंच धर्मगुरू व्हावं, म्हणून वडिलांनी त्याला धर्मशाळेत घातलं खरं, पण पोराला विज्ञानाच्या पुस्तकांनी वेड लावलं. १८७० साली तो सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात शिकायला गेला आणि पुढे डॉक्टर झाला.

१८८१ साली पाव्हलॉव्ह यांचं सेराफिमाशी लग्न झालं. ती शिक्षिका होण्यासाठी शहरात शिकायला आलेली मुलगी. संसाराची सुरुवात फार ओढगस्तीची. पैसे नसल्यामुळे दोघांना कधीकधी वेगवेगळं राहावं लागे. पहिला मुलगा लहानपणीच गेला. नवरा मिळालेला पैसा प्रयोगशाळेतल्या जनावरांवर खर्च करून मोकळा होई. मग या बाईनं सरळ करार केला. घराचा सगळा भार मी वाहीन, तुम्ही तुमचं काम करा. पण दारू नाही, पत्ते नाहीत आणि पाहुणे-मित्र आले तर फक्त शनिवार-रविवारी. पाव्हलॉव्ह यांनी ते मान्य केलं. साऱ्या जगाला सवयींचं शास्त्र शिकवणाऱ्या माणसाला आधी शिस्त लावली ती बायकोनं, हे वाचून मला सेराफिमा अगदी आपल्यातली वाटली.

१८९१ साली पीटर्सबर्गच्या प्रायोगिक वैद्यक संस्थेत शरीरशास्त्राचा विभाग उभारायचं काम त्यांच्याकडे आलं. अन्न कसं पचतं, पोटात रस कधी सुटतो, याचा अभ्यास ते कुत्र्यांवर करत होते. या कामासाठी १९०४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. ते मिळवणारे ते पहिलेच रशियन. पण आपलं पिल्लू समजून घ्यायला उपयोगी पडतं, ते त्यांचं याच्या पुढचं काम.

झालं असं, की अन्न तोंडात पडल्यावर कुत्र्याला लाळ सुटते, हे तर साहजिक होतं. पण जेवण देणाऱ्या नोकराची पावलं वाजली तरी कुत्र्यांना लाळ सुटू लागली. दुसऱ्या कुणी हे पाहून सोडून दिलं असतं. पाव्हलॉव्ह यांनी मात्र पुढची तीसएक वर्षं त्याचाच छडा लावला. टिकटिक करणाऱ्या यंत्राचा आवाज करायचा आणि लगेच अन्न द्यायचं. असं पुन्हा पुन्हा केलं की नुसत्या टिकटिकीनं लाळ सुटते. आपल्याला हे नवीन नाही. धारेची बादली वाजली की गाय पान्हा सोडते, ते आपण रोजच बघतो. पण त्यामागचा नियम त्यांनी शोधला. दोन गोष्टी लागोपाठ, पुन्हा पुन्हा घडल्या, की जनावराच्या मेंदूत त्यांची गाठ बसते. अन्न आधी देऊन टिकटिक मागाहून केली, तर मात्र गाठ बसत नाही म्हटलं तरी चालेल.

पिल्लाला शी-शू शिकवण्याचे प्रयोग काही पाव्हलॉव्ह यांनी केले नाहीत. शाबासकीनं सवय कशी लागते, याचा अभ्यास अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी वेगळा केला. पण लागोपाठ आणि पुन्हा पुन्हा, हे सूत्र दोन्हीकडे तेच. पिल्लू झोपून उठलं, खाऊन झालं, खेळून दमलं, की लगेच उचलून बाहेर न्यायचं आणि रोज त्याच जागी न्यायचं. जागेचा वास आणि पायाखालची माती यांची त्या कामाशी गाठ बसते. काम झालं की तिथंच, त्याच क्षणी गोंजारायचं, भाकरीचा तुकडा द्यायचा. घरात येऊन पाच मिनिटांनी दिलेला तुकडा कशाबद्दल होता, ते त्याला कळत नाही. तसंच रात्री केलेल्या घाणीबद्दल सकाळी दिलेला मारही त्याला कळत नाही. दोन महिन्यांचं पिल्लू दोन-तीन तासांपेक्षा जास्त धरून ठेवू शकत नाही, म्हणून रात्री एकदा तरी उठावं लागतं. तान्ह्या बाळासाठी उठतोच की आपण. घरात झालंच, तर ती जागा साबणानं आणि व्हिनेगरनं नीट धुवायची. वास राहिला की पिल्लू पुन्हा तिथंच जातं.

पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेत स्त्रियाही संशोधन करत. शेंगर-क्रेस्तोव्निकोवा ही त्यांतली एक. वर्तुळ दिसलं तर अन्न मिळतं, लंबवर्तुळ दिसलं तर मिळत नाही, असं तिनं एका कुत्र्याला शिकवलं. मग लंबवर्तुळ हळूहळू वर्तुळासारखं करत नेलं. शेवटी दोन्हींत फरकच कळेना, तेव्हा शांत स्वभावाचं ते कुत्रं किंचाळू लागलं, यंत्राच्या नळ्या चावू लागलं आणि आधीचं सोपं शिकलेलंही विसरलं. मला यात आपली घरं दिसतात. पिल्लानं ओसरीवर शू केली, तर आजी हसते, बाबा ओरडतात आणि पोरं त्यालाच उचलून मुके घेतात. त्या बिचाऱ्यानं समजायचं काय?

भीतीचा धडा त्याहून मोठा आहे. २३ सप्टेंबर १९२४ रोजी लेनिनग्राडला, म्हणजे पूर्वीच्या पीटर्सबर्गला, महापूर आला. कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत पाणी शिरलं. नोकरांनी त्यांना पाण्यातून पोहवत कसंबसं बाहेर काढलं. कुत्री वाचली, पण काहींचं महिनोन्‌महिने शिकलेलं सगळं पुसून गेलं. बऱ्याच काळानं ते परत आलं. त्यातल्या एका कुत्र्याच्या खोलीत दाराखालून पाण्याची नुसती धार सोडली, तर ते पुन्हा बिथरलं. प्रत्येकाचा स्वभावही वेगळा निघाला. काहींवर पुराचा परिणामच झाला नाही, तर काही पार कोलमडली.

मारलेलं पिल्लू घरात करू नये, हे शिकत नाही. ते शिकतं की ही बाई जवळ आली की मार बसतो. मग ते कपाटामागे, कॉटखाली जाऊन गुपचूप करतं आणि बाहेर नेलं तरी आपल्यासमोर करायला घाबरतं. वस्तीवर फिरताना मी हे पाहिलंय. ज्या घरात मार जास्त, तिथं पिल्लाला वळण उशिरा लागतं. शाळेत जायच्या वयात अंथरूण ओलं करणाऱ्या लेकराला मारणाऱ्या आयांनाही मी हेच सांगते.

पाव्हलॉव्ह यांची बाजू पूर्णपणे उजळ होती, असं नाही. ते तापट होते. त्यांच्या कुत्र्यांवर शस्त्रक्रिया होत, पुष्कळ कुत्री त्यात गेली. ते वाचताना जीव कळवळतो. त्यांना स्वतःलाही त्या ऋणाची जाणीव होती. १९३५ साली त्यांच्याच पुढाकारानं संस्थेच्या बागेत कुत्र्याचा पुतळा उभा राहिला. त्याच साली त्यांचा एक तरुण मुलगा कर्करोगानं गेला. २७ फेब्रुवारी १९३६ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, न्यूमोनियानं पाव्हलॉव्ह गेले. सेराफिमा त्यांच्यामागे ११ वर्षं होती.

तेव्हा मैत्रिणींनो, घरात पिल्लू येणार असेल तर आधी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा. जागा कोणती, वेळ कोणती, रात्री कोण उठणार, हे ठरवून टाका. हात कुणी उगारायचा नाही, हेही ठरवा. आणि रात्री उठायची पाळी एकट्या आपल्यावर येऊ देऊ नका. सेराफिमासारखा करार करायला काय हरकत आहे?