विठ्ठलराव विखे पाटील

सह्याद्रीच्या कुशीत रतनगडाजवळ प्रवरा नदी उगम पावते. अकोले व संगमनेर हे तालुके मागे टाकून ती पूर्वेकडे वाहते आणि नेवासे तालुक्यात प्रवरासंगम येथे गोदावरीला मिळते. या नदीच्या खोऱ्यात लोणी नावाचे गाव आहे. ज्याला आज अहिल्यानगर म्हणतात, त्या अहमदनगर जिल्ह्यातील हे गाव. तेथील एका शेतकरी कुटुंबात, नारळी पौर्णिमेच्या दिवशी, विठ्ठलराव एकनाथराव विखे पाटील यांचा जन्म झाला. त्या गोष्टीला आता सुमारे सव्वाशे वर्षे झाली. त्यांचे शिक्षण गावच्या मराठी शाळेतील पहिल्या काही इयत्तांपुरतेच झाले. पुढे शिकावयाचे म्हटले तरी जवळपास शाळा नव्हती, आणि दूर जाऊन शिकण्याइतका पैसा कुणब्याच्या घरी कोठून असणार?

त्या काळी खेड्यांतील शाळा चालत तरी कशा, हे समजून घेतले पाहिजे. मुंबई इलाख्यात १८६० नंतरच्या काही वर्षांत सरकारने शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा अशी जादा पट्टी बसविली. तिचा तिसरा हिस्सा शाळांकडे जाई, बाकीचा रस्त्यांसारख्या कामांकडे. म्हणजे साऱ्याच्या प्रत्येक रुपयातून शाळेच्या वाट्याला चार पै येत. एवढ्या पैशात मास्तरांचा पगार आणि चार इयत्तांची एखादी शाळा भागे. माध्यमिक शाळा, वसतिगृह, शास्त्राची प्रयोगशाळा या गोष्टी शहरांतच पाहावयास मिळत. हुशार मुलगा चौथीनंतर नांगरामागे जाई, आणि मुलीला तर बहुधा तेवढेही शिकावयास मिळत नसे.

शेतकऱ्याजवळ मत्ता मुळीच नव्हती असे नाही. जमीन होती, बैलजोडी होती, पेवात धान्य होते, घरधनिणीच्या अंगावर चार दागिने होते. परंतु या साऱ्या मत्तेचा एक दोष होता. ती अडचणीच्या वेळी मोडता येई. पण वाढविता येत नसे. धान्याला कीड लागे, बैल म्हातारा होई, दागिना गहाण पडे. उरली जमीन. तिच्यावर सावकाराचा डोळा असे. एका दुष्काळाच्या वर्षी पन्नास रुपये उसने घ्यावेत, खतावर अंगठा उठवावा, आणि व्याजावर व्याज चढून काही वर्षांनी तीच जमीन सावकाराच्या नावे व्हावी, असे घरोघरी घडे. १८७५ मध्ये पुणे आणि अहमदनगर या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी ठिकठिकाणी सावकारांच्या घरांवर चालून जाऊन कर्जाची खते जाळली. हाच तो प्रसिद्ध दख्खनचा दंगा. शेतकऱ्यांचा राग मुख्यतः कागदावर होता. आपल्याला वाचता न येणारा तो कागद आपली जमीन घेऊन जातो, एवढे त्यांना पक्के ठाऊक झाले होते.

विठ्ठलराव मोठे झाले ते अशा गोष्टी ऐकत. खत जाळून कर्ज जळत नाही, हेही त्यांनी पाहिले होते. १९०४ मध्ये सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला होता. गावातील माणसांनी एकत्र यावे, थोडे थोडे पैसे जमवावेत, आणि त्यातून गरजू सभासदाला माफक व्याजाने कर्ज द्यावे, अशी त्यामागील कल्पना होती. १९२३ मध्ये विठ्ठलरावांनी लोणी बुद्रुक येथे अशी पतपेढी उभी केली. तिचा व्यवहार लहानच होता, पण त्यातून एक नवी गोष्ट गावाला समजली. येथेही कागद होता. मात्र त्याच्यावर काय लिहिले आहे ते दहा जणांच्या बैठकीत वाचून दाखविले जाई. कर्ज कोणाला द्यावयाचे ते सावकाराच्या ओटीवर ठरत नसे, सभासदांच्या सभेत ठरे.

याच सुमारास प्रवरेच्या खोऱ्याचे रूप पालटत होते. भंडारदरा येथे नदीवर मोठे धरण बांधण्याचे काम चालू होते. ते १९२६ मध्ये पुरे झाले. कालव्यांचे पाणी शिवारात खेळू लागले आणि बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. ऊस म्हणजे सोनेच, असे दुरून वाटते. जवळून पाहणाराला मात्र त्यातील गोम कळे. ऊस तोडल्यावर तो फार वेळ ठेवता येत नाही. एक-दोन दिवसांत गाळला नाही तर त्यातील साखर कमी होते. म्हणून शेतकरी गुऱ्हाळ लावी, काहिलीत रस आटवी आणि गुळाच्या ढेपा पेठेत नेई. तेथे व्यापारी सांगेल तो भाव. १९३० नंतरच्या मंदीत गुळाचा भाव इतका घसरला, की लागवडीचा खर्चही हाती येईना. दुसरीकडे हरेगावच्या बेलापूर कंपनीसारखे खाजगी साखर कारखाने उभे राहिले होते. कित्येकांनी आपली बागायती जमीन अशा कंपन्यांना अल्प खंडाने दिली आणि त्याच जमिनीवर ते मजुरीला जाऊ लागले.

यावर उपाय एकच दिसत होता. शेतकऱ्यांनी स्वतःचा कारखाना काढावयाचा. पण कारखाना म्हणजे गुऱ्हाळ नव्हे! त्याला लक्षावधी रुपये लागतात. डिसेंबर १९४५ मध्ये बेलापूर रोड, म्हणजे आजचे श्रीरामपूर, येथे कालव्यांवरील बागायतदारांची परिषद भरली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्रमुख धनंजयराव गाडगीळ अध्यक्षस्थानी होते. गाडगीळ हे जगभरच्या अर्थव्यवहारांचा अभ्यास केलेले विद्वान. विठ्ठलराव हे मराठी शाळेतून नांगराकडे गेलेले शेतकरी. या दोघांची जोडी जमली, ही या जिल्ह्याच्या इतिहासातील फार महत्त्वाची गोष्ट होय. गाडगीळांनी योजना आखली, आणि ती शेतकऱ्याच्या गळी उतरविण्याचे काम विठ्ठलरावांनी पत्करले.

हे दुसरे काम अधिक अवघड होते, असे मला वाटते. कारखान्याचे भांडवल तीन ठिकाणांहून यावयाचे होते. पहिले, शेतकऱ्यांचे भाग, ज्यांना आपण बोलताना शेअर म्हणतो. दुसरे, सरकारचे साहाय्य. तिसरे, १९४८ मध्ये नव्यानेच निघालेल्या औद्योगिक वित्त महामंडळाचे कर्ज. मुंबई प्रांताचे अर्थ व सहकार खाते त्या वेळी वैकुंठभाई मेहता यांच्याकडे होते, आणि सहकारी चळवळीत आयुष्य वेचलेल्या या मंत्र्याची या योजनेला सहानुभूती होती. परंतु आधी शेतकऱ्यांचे भाग जमल्यावाचून बाकीची दारे उघडणार नव्हती. ज्याला स्वतःलाच आपल्या कारखान्यावर विश्वास नाही, त्याला दुसरा कोण कर्ज देईल?

म्हणून विठ्ठलराव गावोगाव हिंडू लागले. पारावर, देवळात, बांधावर ते माणसांना गाठत. भाग घ्यावयाचा तर रोकड हवी, आणि ती निघणार कोठून? पेवातले धान्य विकून, नाही तर दागिना मोडून. त्या बदल्यात हाती काय मिळणार, तर एक कागद! ज्या जिल्ह्यातील माणसांनी कागदांपायी जमिनी घालविल्या, त्यांनाच आता कागदावर विश्वास ठेवा असे सांगावयाचे होते. कारखाना निघाला नाही तर पैसे बुडतील, ही भीती खोटी नव्हती. ठेव आणि भाग यांत हाच फरक आहे. ठेव ठरल्या मुदतीला, ठरल्या व्याजासह परत मिळावयाची असते. भाग घेणारा मात्र धंद्याचा धनी होतो. नफ्याबरोबर तोट्याचाही तो वाटेकरी असतो. विठ्ठलरावांच्या बोलण्याला जे वजन आले, ते त्यांच्या पतपेढीमुळे. पंचवीस वर्षे त्यांच्या हाताखालून लोकांचा पैसा गेला होता, आणि तो कसा गेला हे सारा परिसर जाणून होता.

सहकारी संस्थेचा आणखी एक नियम त्यांच्या उपयोगी पडला. खाजगी कंपनीत ज्याचे भाग अधिक, त्याची मते अधिक. सहकारी कारखान्यात भाग कितीही असोत, प्रत्येक सभासदाला मत एकच. एका भागाचा धनी आणि पन्नास भागांचा धनी सभेत शेजारी बसतात आणि एकेकच हात वर करतात.

भाग जमले, संस्थेची नोंदणी झाली, आणि लोणीच्या माळावर धुराडे उभे राहिले. १९५०-५१ च्या हंगामात पहिली मोळी गव्हाणीत पडली. गाडगीळ या कारखान्याचे अध्यक्ष होते आणि विठ्ठलराव उपाध्यक्ष. पुढे अध्यक्षपदाची धुराही विठ्ठलरावांकडे आली. त्या माळाला आता प्रवरानगर म्हणू लागले. ही बातमी पसरली तशी महाराष्ट्रभर माणसे प्रवरानगर पाहावयास येऊ लागली, आणि कोपरगाव, राहुरी, संगमनेर, श्रीगोंदे अशा जिल्ह्यातील अनेक ठिकाणी सहकारी कारखाने निघाले.

आता कारखान्याच्या पैशाचे पुढे काय होते ते पाहू; कारण शाळेची वाट तेथूनच फुटते. साखर विकून आलेल्या रकमेतून आधी कामगारांचे पगार, कर्जाचे हप्ते आणि यंत्रांच्या झिजेची तरतूद करावी लागते. अवघड वर्षासाठी काही रक्कम गंगाजळीत टाकावी लागते. जे उरते त्यातून उसाला भाव द्यावयाचा. शेतकऱ्याला ऊस घातल्यावर पहिली उचल मिळते आणि हंगाम संपून हिशेब झाल्यावर उरलेला भाव मिळतो. हा हिशेब करतानाच टनामागे थोडी रक्कम कापून ती निराळ्या निधीत ठेवता येते. समजा, एका हंगामात एक लाख टन ऊस गाळला आणि सभासदांनी टनाला एक रुपया शिक्षणासाठी सोडला. शेतकऱ्याला तो रुपया जाणवणारही नाही; निधीत मात्र एक लाख रुपये पडतील, आणि पुढच्या हंगामात पुन्हा पडतील.

वर्गणी आणि असा निधी यांतील भेद ध्यानात घेण्यासारखा आहे. १९१९ मध्ये सातारा भागात काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांना वसतिगृहातील मुलांसाठी दारोदार धान्य आणि पैसा मागावा लागला होता. त्या त्यागाला तोड नाही. पण मागणारा थकला, किंवा देणाराच्या घरी दाणा उरला नाही, म्हणजे वर्गणी आटते. टनामागची कपात कोणाला मागावी लागत नाही. दुष्काळात ऊस कमी झाला तर तीही कमी होते, हे खरे. म्हणून तर चांगल्या वर्षातली शिल्लक जपावयाची असते.

सरकार शिक्षकांच्या पगाराला अनुदान देई, तरी शाळा उघडण्यास जागा, इमारत, बाके, वसतिगृह लागे, आणि तो भार गावावर पडे. प्रवरा परिसरात हा भार कारखान्याच्या सभासदांनी उचलला. १९६४ मध्ये प्रवरा ग्रामीण शिक्षण संस्था स्थापन झाली आणि प्रवरानगर येथे प्रवरा पब्लिक स्कूल हे निवासी विद्यालय सुरू झाले. तोपर्यंत अशी निवासी विद्यालये थंड हवेच्या डोंगरांवर किंवा मोठ्या शहरांत, श्रीमंतांच्या मुलांसाठी असत. उसाच्या फडाशेजारी असे विद्यालय काढणे हे धाडसच होते. हळूहळू आसपासच्या गावांतही शाळा निघाल्या. त्यांच्या वर्गांत बसणाऱ्या मुलांच्या बापांनी कधी काळी पारावर बसून, भाग घ्यावा की न घ्यावा, असा रात्र रात्र विचार केला होता.

१९६१ मध्ये भारत सरकारने विठ्ठलरावांना पद्मश्री देऊन गौरविले. त्याच वर्षी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू प्रवरानगरला आले. एवढा मान मिळूनही विठ्ठलरावांचा सभासदांशी आणि शेताशी असलेला संबंध तुटला नाही.

या कामाला मर्यादा होत्या, त्याही सांगितल्या पाहिजेत. कालवा जेथे पोहोचला तेथे ऊस आला, ऊस आला तेथे कारखाना, आणि कारखान्यामागून शाळा. पण जिल्ह्याच्या दक्षिणेस आणि पूर्वेस पाथर्डी, जामखेड, कर्जत असे कोरडे तालुके आहेत. तेथे कालवा नसल्याने भाग घेण्याचा प्रश्नच नव्हता. पाथर्डीकडची आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दर वर्षी दिवाळीच्या सुमारास गाव सोडून ऊस तोडावयास कारखान्यांवर जातात, आणि त्यांच्या मुलांची शाळा अर्ध्या वर्षावर सुटते. ज्या उसाच्या टनांतून एकाच्या मुलासाठी विद्यालय उभे राहिले, तोच ऊस तोडणाऱ्याचे मूल कोपीपाशी धाकट्या भावंडाला सांभाळत बसले. पुढे अशा मुलांसाठी साखरशाळा निघाल्या. तरी हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. सहकारी कारखान्यांपैकी काही नीट चालले, तर काही कर्जात बुडून बंद पडले. जेथे सभासदांनी हिशेब विचारणे सोडून दिले, तेथे असे होण्याची भीती अधिक असते.

२७ एप्रिल १९८० रोजी विठ्ठलरावांचे निधन झाले. त्यानंतर प्रवरा परिसरात तंत्रशिक्षणाची आणि वैद्यकीय शिक्षणाची महाविद्यालये वाढली, आणि चौथीनंतर नांगरामागे जाणाऱ्यांची नातवंडे तेथे शिकू लागली. कारखान्याला पुढे विठ्ठलरावांचे नाव देण्यात आले. आज त्याचा भाग घेणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती जो कागद पडतो, त्याच्या माथ्यावर ते नाव छापलेले असते.