सहावा नंबर आला, तिथून पुढं चार वर्षं : पैलवान खाशाबा जाधव यांची गोष्ट

छत्रपती संभाजीनगर : कन्नड, सिल्लोड, वैजापूर भागात जत्रा सुरू झाल्या की कुस्त्यांचे फड रंगतात. आपली पोरं मातीत तयार होतात. पण संभाजीनगरला स्पर्धेला गेली की गादीवर गडबडतात, पहिल्याच फेरीत बाहेर पडतात आणि घरी येऊन लंगोट खुंटीला टांगतात. अशा पोरांच्या घरात खाशाबांची गोष्ट माहीत असायला पाहिजे.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, कराड तालुक्यातल्या गोळेश्वर गावचा. वडील पैलवान, घरात पाच भाऊ, त्यात हे शेंडेफळ. अंगानं लहानखुरे, पण चपळाई अशी की समोरच्याला हात घालायला जागा मिळत नसे. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात आणि पुढं कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात.

१९४८ ला लंडन ऑलिंपिकला गेले, ते कोल्हापूरच्या महाराजांच्या पैशावर. वय २२. तिथं गादी! आयुष्य मातीत गेलेलं. मातीत चितपट झाली की कुस्ती संपली. गादीवर मिनिटं मोजतात, गुण मोजतात, पायाची पकड वेगळी लागते. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकानं त्यांना तयार केलं. फ्लायवेट गटात खाशाबा सहावे आले.

गावाकडं सहावा म्हणजे हरलेलाच. खाशाबांनी मात्र तो आकडा वेगळा वाचला. आपण जगात नेमके कुठं उभे आहोत ते कळलं होतं, आणि पुढं किती जण आहेत तेही. पुढचं ऑलिंपिक हेलसिंकीला, १९५२ मध्ये. हातात चार वर्षं. वजनगट वरचा घेतला, बँटमवेट, म्हणजे ५७ किलो. मेहनत वाढवली. मेडल आणायचं हे लांबचं झालं. रोज सकाळी उठून करायचं ते जोर, बैठका आणि गादीवरचे डाव. आजकाल खेळाडूंना मानसिक तयारी म्हणून ध्येय लहान तुकड्यांत वाटून घ्यायला शिकवतात, ते वेगळं काय असतं?

पण नुसतं ध्येय ठरवून भागत नाही. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला मुद्दाम गुण कमी दिले, अशी खाशाबांची तक्रार होती. गप्प बसले असते तर गोष्ट तिथंच संपली असती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडं दाद मागितली, निरंजन दासशी पुन्हा कुस्ती लागली आणि खाशाबांनी ती मारली.

मग पैशाचा प्रश्न. गावानं वर्गणी काढली, तरी भागेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं राहतं घर ७ हजार रुपयांना गहाण टाकलं. विद्यार्थ्यासाठी! विचार करा, खाशाबा कोणतं ओझं घेऊन निघाले असतील.

हेलसिंकीत कॅनडा, मेक्सिको, जर्मनीचे मल्ल त्यांनी हरवले. जपानच्या शोहाची इशीशी कुस्ती पंधरा मिनिटांच्या वर चालली आणि हातची गेली. इशी पुढं सुवर्ण घेऊन गेला. त्या कुस्तीनंतर लगेच सोव्हिएत संघाच्या ममादबेयोवसमोर उभं राहायला सांगितलं. मधे अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण तो सांगून भांडायला भारताचा एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. दमलेल्या अंगानं लढले, हरले. २३ जुलै १९५२ ला ब्राँझ मिळालं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडलं, लिएंडर पेसचं.

१९५५ ला खाशाबा पोलिसांत फौजदार म्हणून लागले, असिस्टंट कमिशनर होऊन निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर. आता कुठं राज्यानं त्यांचा वाढदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन ठरवलाय. उशीर तो उशीरच.

हेलसिंकीहून परतल्यावर मात्र कराडला १५१ बैलगाड्या जुंपल्या होत्या. पंधरा मिनिटांची वाट, मिरवणुकीला गोळेश्वर गाठायला सात तास लागले. गुलाल खाली बसल्यावर खाशाबा कोल्हापुरात कुस्त्या खेळायला उतरले. एकेक मारत गेले, इनामाचे पैसे साठवले आणि ते खर्डेकर सरांच्या हातात ठेवले. सरांचं घर गहाणातून सुटलं.