पंडिता रमाबाई : स्वाभिमान आणि शरणभाव

ख्रिस्ती धर्मविचारात अहंकार हे पापाचे मूळ मानले गेले आहे. ईश्वरी कृपेवाचून केवळ आपल्या बुद्धीने व सत्कृत्यांनी उद्धार साधेल, ही स्वयंपूर्णतेची भावना हे त्याचेच सूक्ष्म रूप होय. मात्र विनयाची हीच शिकवण धर्मसंस्थेच्या हाती आज्ञापालनाचे साधनही ठरू शकते. पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांच्या चरित्रात या दोन्ही बाजू स्पष्ट दिसतात. म्हणून त्यांच्या 'अहंकारा'चा विचार सावधपणे करणे अगत्याचे आहे.

अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद सोसून पत्नीला संस्कृत शिकविले आणि त्या मातेने रमाबाईंना. दुष्काळात आईवडील गेल्यावर भावासह पायी भ्रमण करीत त्या १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्यांनी गौरविले. विद्या हीच त्यांची एकमेव मिळकत होती आणि आत्मविश्वास हाच आधार.

१८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर ख्रिस्ताचे देवत्व, त्रैक्याचा सिद्धान्त आणि धर्माधिकाऱ्यांचा अधिकार यांविषयी त्या प्रश्न विचारू लागल्या, तेव्हा त्यांच्या धर्ममाता भगिनी जेराल्डाइन यांनी त्यांच्यावर गर्विष्ठपणाचा ठपका ठेवला. रमाबाईंना तो मान्य झाला नाही. एका पुरोहितवर्गाचे जोखड झुगारल्यावर दुसऱ्याचे मानेवर घेणे त्यांच्या विवेकाला पटणारे नव्हते. येथे गर्व आणि स्वाभिमान यांतील भेद ध्यानात घ्यावा लागतो.

खरी आत्मपरीक्षा पुढे घडली, तीही कोणाच्या आरोपामुळे नव्हे. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन स्थापन झाले. पुढील वर्षी ते पुण्यास आले. या कार्यमग्न काळात, १८९१ च्या सुमारास, विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. धर्मोपदेशक झाल्यावर कित्येक वर्षांनी त्याला खरा पालट अनुभवास आला होता. त्या प्रकाशात रमाबाईंना जाणवले की आपण ख्रिस्ती धर्म पत्करला, परंतु ख्रिस्ताला शरण गेलो नाही. १९०७ च्या आपल्या निवेदनात त्यांनी हा पालट नोंदविला आहे. मात्र, ईश्वरापुढे नमल्यानंतरही त्या कोणत्याही एका पंथाच्या अधीन झाल्या नाहीत, ही बाब महत्त्वाची आहे.

या शरणभावाचे वाङ्मयीन फलित म्हणजे त्यांचे बायबल-भाषांतर. त्यासाठी त्यांनी उतारवयात हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास केला आणि केडगावच्या मुक्ती सदनातील स्त्रियांच्या हातून छपाई करविली. संस्कृत ज्यांची बालपणापासूनची भाषा होती, त्या विदुषीने पांडित्यप्रचुर शब्दकळा कटाक्षाने टाळून अल्पशिक्षित स्त्रियांना कळेल अशी साधी मराठी योजिली. १९२१ मध्ये कन्या मनोरमा निवर्तली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी झालेल्या मृत्यूच्या थोडेच आधी ते पुरे झाले.

रमाबाईंनी विद्येचा त्याग केला नाही. विद्येवरील मिरासदारी तेवढी सोडली. त्यांच्या भाषांतराचे मूल्यमापन करताना त्यातील साधेपणा ही शैलीची उणीव न मानता जाणीवपूर्वक केलेली निवड मानणे अधिक न्याय्य ठरेल.